बँकेच्या साहेबाची माय

माय,

अकोल्याहून तुह्या वर्षालीचा नमस्कार. फोनवर माहा आवाज तुले लगेच समजते, म्हनून लिहून राहिली. धाकला अंकुर वाचून दाखवीन.

मी मजेत हाय. नर्सिंगच्या मॅडम म्हनतात, माहा हात हलका हाय. सुई टोचली तरी पेशंटले समजत नाई.

शिक्षनाच्या कर्जासाठी बँकेत गेलती. साहेब वळखीचा निंगाला! त्याची माय आमच्याच वार्डात भरती हाय, तिची वेनी रोज माह्याच हातची. त्यानं चहा पाजला, मंग तुह्या कमाईचा दाखला मांगतला. मी म्हनलं, आमी वलगावले भाजी पिकवतो, माय अमरावतीले इकते. भाजीच्या टोपल्याले कोनी शिक्का मारून देते काय? त्यानं मान खाली घातली. म्हने, "बेटा, माह्या हातात काई नाई."

तू पैशे मांगाले मामाच्या दारात जाऊ नोको. तुहा गुडघा कसा हाय? मेथी निंगाली काय?

फी नाई भरली, तर सोमवारपासून कॉलेजवाले वार्डात पाय ठेवू देनार नाईत. आज वेनी घालताना म्हातारीनं माहा हात धरला. म्हने, "पोरी, सोमवारी घरी सोडतात मले. निंगताना वेनी तूच घालशीन ना?"

मी हो म्हनलं, माय.

तुहीच,
वर्षाली