मुरायला ठेवलेली बाटली

प्रीतम,

हे तुला पाठवणार नाही, तरी लिहिते.

तू घर सोडून तीन वर्षं झाली. लग्नाच्या वाढदिवसाला नाशिकहून आणलेली पांढरी वाईन अजून फ्रिजवरच आहे, कोकमाच्या आगळाच्या बाटलीशेजारी. उघडणार होतो, पण आधी श्रावण लागला, मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. तू म्हणायचास, "राहू दे गं, जुनी झाली की झकास लागेल."

आज नाक्यावरच्या वाईनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, ही मुरवायची नसते. वर्षभरात पिऊन टाकायची."

आज कुठलाच उपवास नाही. अडवणारंही कोणी नाही. तरी उघडली नाही रे. उघडली तर आंबटच निघेल, आणि मग तुझ्यासाठी राखून ठेवलंय असं म्हणायलाही काही उरणार नाही.

अजून मुलुंडलाच,
अक्षता