मुळ्याच्या पाल्याला मीठ

तलासरी, १२ जानेवारी १९५८

लाडक्या वेणूस मोठ्या बायचा आशीर्वाद.

इथे लेकीकडे मी बरी आहे, हंसाही बरी. तू घाबरशील म्हणून आधी कळवलं नाही. नात मैना सात वर्षांची, पण सकाळी चूळ भरली की पाणी लाल. हिरड्यांतून रक्त. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस कच्चा पाला लिंबू पिळून द्या, थांबलं नाही तर मुंबईला न्या. मुंबई म्हटल्यावर माझी झोपच गेली.

मुळ्याचा पाला आणला, मूठभर मीठ चोळलं, वर पाटा ठेवला आणि सुटलेलं पाणी ओतून दिलं. हंसा म्हणाली, "आई, हा बांगडा नाही गं. सगळं सत्त्व मोरीत गेलं." काय करू, हाताला मासे खारवायचीच सवय.

दुसऱ्या दिवसापासून पाला बारीक चिरून लिंबाच्या रसात मऊ होईतो चुरला. वर ओलं खोबरं, दाण्याचं कूट, मीठ चिमूटभरच. मैना म्हणे, "मी काय बकरी आहे?" मग माझ्या उरलेल्या चार दातांनी मीच आधी चावून दाखवलं. हसली, तेव्हा खाल्लं.

तिकडे बोंबील वाळले का? मांजरांकडे लक्ष ठेव.

रोज सकाळी मी वाटी धरून तिच्यापुढे बसते. सहा दिवस पाणी लाल, काल गुलाबी. आज आठवा दिवस. तिने चूळ टाकली, मी वाटी दारात उजेडाला नेऊन दोनदा पाहिली. पाणी स्वच्छ होतं, वेणू.

तुझी,
मोठी बाय