मी आणलेली म्हैस

बाबा, त्या म्हशीबद्दल तुम्ही चुकलात. तुम्ही होतात तोवर हे तोंडावर बोलायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून आता, पन्नाशी ओलांडल्यावर, लिहितेय.

आपल्या मुर्धा गावात म्हशी पारखणाऱ्या तुमच्या नजरेला मान होता. मीरा रोडच्या बाजूच्या तबेल्यांतून आटलेल्या, हाडं वर आलेल्या म्हशी तुम्ही विकत आणायचात, महिनोन्‌महिने खाऊपिऊ घालून उभ्या करायचात, गाभण राहिल्या की विकायचात. दात बघायचात, शेपटीच्या बुडाशी हात दाबायचात, आणि नाही म्हणालात की नाही. नव्वद सालाच्या आसपास एका रविवारी मी तुमच्यासोबत एका तबेल्यात आले होते, तेव्हाही तसंच झालं. त्या म्हशीच्या खुब्यावर जखम होती, डोळे खोल गेलेले. "ही चार दिस न्हाय काढनार," म्हणालात आणि पुढच्या दावणीकडे वळलात. तबेलेवाला मला हळूच म्हणाला, "बेटी, कल कसाई की गाड़ी आएगी." मी तेव्हा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. दुसऱ्या दिवशी खाडा केला, साठवलेला पगार घेऊन एकटी गेले आणि ती गाडी यायच्या आत म्हशीला टेम्पोत चढवलं.

अंगणात उतरली ती बसलीच. तुम्ही ओटीवरून ओरडलात, "माझे गोठ्यान ती नको. बायकांचं काम न्हाय ह्ये. मेली तं तूच ओढून टाक." सगळी आळी ऐकत होती. आई दारात पदर तोंडाला लावून उभी. मी म्हटलं, "नाही मरणार."

उपाशी जनावराला एकदम पोटभर घालायचं नाही, हे तुमच्याकडेच बघून शिकलेले. कण्यांची पातळ पेज, गूळ-मीठ घालून, थोडी थोडी. कामावर जायच्या आधी आणि आल्यावर मी आणि आई तिची कूस बदलतोय, कडुनिंबाच्या पाण्यानं जखम धुतोय, पोटाखाली गोणपाट घालून उचलायला बघतोय, आणि ती पुन्हा बसतेय. तुम्ही बाजूनं जाताय, मान वळवत नाही. बाराव्या दिवशी सकाळी तिनं मागच्या पायांवर जोर दिला, उठली, थरथरत उभी राहिली आणि धो धो मुतली. आई हसत सुटली. मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही आलात, तिच्या पाठीवरून हात फिरवलात आणि म्हणालात, "पेंढा वाढव आता." बस्स. मला ते तेव्हा पुरलं नाही, आजही पुरत नाही.

पुढे ती व्यायली. तिच्या दुधाचा चहा तुम्ही रोज प्यायलात आणि आल्यागेल्याला सांगितलंत, "मीच निवडलेली." मी समोर कप घेऊन उभी असताना! तुम्ही गेल्यावर गोठा मीच चालवला, चाऱ्याच्या जागेवर इमारती आल्या तोपर्यंत. बायकांचंच काम होतं ते, बाबा. मी केलं.

एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही गेल्यावर मी निवडलेल्या दोन म्हशी माझ्या हातात मेल्या. दुसरीला तर तुम्ही लांबूनच नको म्हटलं असतंत, हे मला टेम्पोतच कळलं होतं. तरी आणली, आणि वेळ आली तर पुन्हा आणीन. हा कागद तुमच्या फोटोपुढे वाचायचा ठरवला होता. नाही वाचणार. त्या दोघींचं तुम्हाला कळायला नको.