दहा गाई आणि एक करंडा

३ सप्टेंबर २०१७, रविवार
उष्ण प्रदेशातल्या गुरांचा अभ्यास करायला मी न्यूझीलंडला का आले? आज जेवताना सुमेधने पुन्हा विचारलं. तो याच विद्यापीठात गवतावर संशोधन करायला आला होता. आता इन्शुरन्स कंपनीत आहे आणि मला खोली भाड्याने देतो. म्हणाला, दोन स्वेटर घालून, हीटरला पाय लावून, गाईला उन्हाचा त्रास कसा होतो ते वाचतेस. आणि हसला. ज्यांनी गवत सोडलं त्यांना हसायला भरपूर वेळ असतो.
त्याची आई मालतीकाकू पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या म्हणाल्या, हसू नकोस रे, तिच्या घरात तिच्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. हे त्या माझ्या बाजूने म्हणाल्या.

६ सप्टेंबर, बुधवार
विद्यापीठाच्या फार्मवर सूचनांचा तास. तिथला मुख्य ब्रेंट. गमबूट, हाफ पॅन्ट, एवढ्या थंडीत. म्हणाला, मागच्या पायावर लाल स्प्रे दिसला म्हणजे गाईला औषध चालू आहे. तिचं दूध टाकीत जायचं नाही, ती आजारी कळपात जायची. आधी बाजूला काढा, मग विचारा. हे त्याने तीनदा सांगितलं. सगळा वर्ग लिहून घेत होता. मी खिडकीबाहेर बघत होते. लाल रंग लक्षात ठेवायला मला वही लागत नाही.
वर्गातल्या निम्म्यांनी प्रोजेक्टला मेंढ्या घेतल्या आहेत. ज्याला आयुष्यात ध्येय नाही त्याने मेंढ्या घ्याव्यात.

११ सप्टेंबर, सोमवार
प्रयोग सुरू. दहा गाई इथल्या कोवळ्या गवतावर. माझ्या दहा गव्हाच्या काडावर, वर मळी शिंपडून, आपल्याकडे उन्हाळ्यात असतं तसं. सहा आठवडे रोजचं दूध मोजायचं. बावीस ऑक्टोबरला संपलं की डिसेंबरात डिग्री, जानेवारीत फलटणच्या दूध सोसायटीत नोकरी. आप्पा त्याच सोसायटीचा टेम्पो चालवतात.
इथे गाईंना नावं नाहीत. कानात नंबर. मी माझ्या दहाही गाईंना नद्यांची नावं दिली. ब्रेंट म्हणाला, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या भाषेत झकास. आणि गोदावरीला पुन्हा ‘चारशे बारा’ म्हणाला.
निश्चय: उद्यापासून पहाटेच्या दुधाला स्वतः हजर राहायचं.

१२ सप्टेंबर, मंगळवार
थंडी. उद्यापासून.

१९ सप्टेंबर, मंगळवार
माझ्या दहांचं दूध घटलं. गवतवाल्यांचं वाढलं. मार्गदर्शक डॉ. कॅरन म्हणाल्या, घटणारच, किती घटतं तेच तर मोजतोय. (नुसतं कॅरन म्हण म्हणतात. मी मॅडमच म्हणते. कुणीतरी पातळी राखली पाहिजे.) पराभव इतक्या शांतपणे मान्य करणारी बाई मी पाहिली नाही. दूध कमी असेल, पण माझ्या गाईंच्या दुधात माया जास्त आहे. मायेचा मीटर यांच्याकडे नाही.
पहाटे अजून गेलेले नाही. मोजणी मशिनवर होते. मशिनच्या कामात ढवळाढवळ नको.

३० सप्टेंबर, शनिवार. दसरा
आप्पांचा फोन. सोसायटीच्या चेअरमनना सांगून टाकलंय म्हणाले, पोरगी गाई शिकून डिसेंबरात येते. टेम्पोच्या मागे नावही रंगवून घेतलं: मृणालिनी, एम.एस्सी., न्यूझीलंड. आईने मागून विचारलं, अहो, पण डिग्री कुठे मिळालीय अजून? आप्पा म्हणाले, पेंटर आत्ता मोकळा होता.
काळजीचं कारण नाही. उरले तीन आठवडे.

९ ऑक्टोबर, सोमवार
पुढच्या सोमवारी वसुबारस. आणि या देशात वासरू जन्मलं की एका दिवसात आईपासून वेगळं. जगाला दूध विकतात आणि गाय-वासरू शेजारी उभं दिसत नाही. डॉ. कॅरनना मेल केली की पूजेपुरतं एक वासरू आईजवळ आणावं. उत्तर आलं: वासरं लांबच्या शेडमध्ये आहेत, सॉरी, पण तू तुझ्या गाईंना कधीही भेट. म्हणजे परवानगी.
मालतीकाकूंनी त्यांचा कुंकवाचा करंडा दिला. म्हणाल्या, “कोरडं लावू नकोस बाई, वाऱ्याने उडतं. तेलात कालव. दिवाळीभर हलायचं नाही.”
शेजारी बसलेला सुमेध म्हणाला, आई, तिथे कामं चालू असतात. काकू म्हणाल्या, तू गप्प बस, तू पॉलिसी बघ.

१६ ऑक्टोबर, सोमवार. वसुबारस
उपास. दूध, तूप, गहू, काही नाही. कॅन्टीनमध्ये काळी कॉफी मागितली तर मुलीने विचारलं, दुधाची ॲलर्जी आहे का? म्हटलं, उलट.
दुपारच्या दुधाला गेले. पहिल्यांदाच, पण त्याने काय होतं. इथे दूध काढणारा खाली खड्ड्यात उभा राहतो आणि गाई वर, त्याच्याकडे पाठ करून. कपाळ पलीकडे कुठेतरी. समोर नुसते मागचे पाय. पूजा करायची तरी कुठे? शेवटी पायांची केली. पूजेत पाय चालतात. ब्रेंट पुढचा कळप आणायला कुरणात गेला होता, त्यामुळे हसायला कुणी नव्हतं. दहाही गाईंच्या दोन्ही पायांवर तेलात कालवलेलं कुंकू पंजा भरून लावलं. करंडा रिकामा. वासराऐवजी फोनवर वासराचा फोटो दाखवला. गोदावरीने शेपटी मारली. बहुधा गहिवरली.
उद्यापासून पहाटे कुणी बदली माणूस येणार आहे म्हणे. त्यालाही दिसू दे, संस्कृती कशाला म्हणतात.

१८ ऑक्टोबर, बुधवार. वेलिंग्टन
सुमेध, काकू आणि मी दिवाळीला ईशाकडे. ईशा माझ्याच विद्यापीठातली, आता सरकारी ऑफिसात. तिच्या मुलाला काकू मराठीत रागावतात, तो इंग्रजीत नाही म्हणतो.
ब्रेंटचे चार मिस्ड कॉल. फराळाची बातमी फार्मपर्यंत पोचलेली दिसते. नेईन चार चकल्या. सणात कामाची कटकट नको म्हणून फोन बंद केला.

२१ ऑक्टोबर, शनिवार
चकल्या घेऊन फार्मवर गेले. माझ्या गाई जागेवर नाहीत.
आजारी कळपात आहेत. घोट्यापर्यंत हिरव्या गवतात. मंगळवारी पहाटे बदली माणसाने लाल पाय पाहिले आणि दहाच्या दहा बाजूला काढल्या. औषध कुठलं, कुणी दिलं, काहीच कळेना, म्हणून ब्रेंटने मला फोन केले. मी उचलला नाही. तेव्हापासून रोजचं दूध न मोजता ओतून दिलं. ब्रेंट चिडला नव्हता. त्याने एवढंच विचारलं, त्यात तेल होतं का? दोनदा धुतलं, जात नाही. मग चकली खाल्ली, चांगली आहे म्हणाला.
कृष्णेने मला ओळख दाखवली नाही. चांगली गुबगुबीत झालीय.

२४ ऑक्टोबर, मंगळवार
डॉ. कॅरनना भेटले. शेवटचा आठवडा गेला. पाच दिवस काड नाही, आकडे नाहीत, मधल्या गवताने पुढचेही बिघडले. हे पूर्ण झालं असं म्हणता येणार नाही म्हणाल्या. नुकत्याच व्यालेल्या गाई आता पुढच्या वर्षीच. नाहीतर कोकरं आहेत. हाच प्रयोग कोकरांवर, दुधाऐवजी वजन मोजून, लगेच, आणि डिग्री मे महिन्यात.
मी म्हटलं, विचार करते. बाहेर येऊन म्हटलं, चूक बदली माणसाची. कुंकू आणि स्प्रे यांतला फरक ज्याला कळत नाही त्याच्या हातात गाई द्याव्यात का? हे मी बसस्टॉपवर म्हटलं. तिथे एक म्हातारी होती. किया ओरा म्हणाली, म्हणजे इथला नमस्कार.

२६ ऑक्टोबर, गुरुवार
सकाळी आप्पांना फोन केला. म्हटलं, संशोधनाचा आवाका वाढलाय, मे उजाडेल. ते म्हणाले, चेअरमन तोवर थांबतील असं वाटत नाही. मग म्हणाले, पण गाई शिकूनच येशील ना? म्हटलं, मेंढ्या. त्यांनी विचारलं, दुधाच्या? म्हटलं, नाही. त्यांनी टेम्पो बाजूला घेतला. शेवटी म्हणाले, नाव राहू दे मागे. खाली कुठे लिहिलंय, कशात ते.
दुपारी कोकरांच्या अर्जावर सही करून दिली. घरी येऊन काकूंना म्हटलं, बरंच झालं, निदान मेंढ्यांना आपल्याकडे कुणी ओवाळत नाही. काकूंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, “असं कसं गं? दिवाळीत धनगर मेंढ्यांची पूजा करतात की. मी करंडा भरूनच ठेवलाय.”
करंडा घेतला, काकूंच्या मोठ्या बॅगेत तळाशी ठेवला, बॅगेला कुलूप लावलं आणि किल्ली सुमेधकडे दिली.