सुटा बॅट्समन

७८६
कर्ला, रत्नागिरी
२० ऑगस्ट २०२५

प्रिय भाऊ युसुफ यास,

हाफिजाआपाचा सलाम आणि पोटभर दुआ. इथे सर्व खैरियत, तुझी खैरियत अल्लाकडे नेक चाहते.

पत्र बघून हसू नकोस. फोन लावला की इथे स्पीकर सुरू होतो आणि अम्मीपासून शेजारच्या साजिदापर्यंत सगळ्या कान लावून बसतात. मनातलं लिहायचं तर कागदच बरा. गल्लीतल्या अरफाचा नवरा, तुमच्याच कंपनीतला, परवा शारजाला परततोय, त्याच्या हाती देते आहे. सोबत आंबोशी आहे, ती तुझ्या दुल्हेभाईंनाही, आमच्या यांनाही दे. एका खोलीत राहून तुम्ही एकमेकांपासून डबे लपवता, हे मला ठाऊक आहे.

काम आमच्या अफनानचं आहे. एकवीस वर्षांचा घोडा झाला, आयटीआयही अर्धं सोडलं, पण बॅट हातात आली की गाव गोळा होतं. राजापूरच्या स्पर्धेत बक्षिसाची मोटरसायकल घेऊन आला. आता अरफाचा नवरा सांगत होता की तुमच्या कंपनीच्या टीमला ऑक्टोबरच्या आत बॅट्समन हवाय, आणि सेठ त्याला व्हिसा, नोकरी, सगळं देतो. अकरा वर्षांपूर्वी बापाला बॅट बघूनच नेलं ना? मग लेकालाही ने. टीमचा कारभार तुझ्याच हातात आहे. बापलेक एका खोलीत राहतील, मला निवांत झोप लागेल.

यांना एवढ्यात सांगू नकोस, लेकाने शिकावं असा त्यांचा हट्ट आहे. दोन वर्षांत त्यांनी मला एक ओळ लिहिलेली नाही. मोबाइलवर नुसता आवाज पाठवतात. विचारलं तर म्हणतात हात दुखतो. बॅट धरताना बरा दुखत नाही!

आपाला विसरू नकोस, एवढंच मागते.
तुझी हाफिजाआपा

*

७८६
शारजा
३० ऑगस्ट २०२५

हाफिजाआपास युसुफचा सलाम आणि अम्मीला कदमबोसी.

आंबोशी पोचली. फैजभाईंनी अर्धी एका बैठकीत संपवली, उरलेली मी लपवली आहे.

आपा, आता जे लिहितो ते वाचून पत्र फाडून टाक. सेठ क्रिकेटसाठी एकच व्हिसा ठेवतात. कागदावर स्टोअरमधला हेल्पर, आणि शनिवार-रविवारी बॅटिंग. ती जागा फैजभाईंचीच आहे. टीमला जो बॅट्समन हवाय तो त्यांच्या जागी हवाय. तीस सप्टेंबरला त्यांचा करार संपतो.

मागच्या मोसमात त्यांच्या नऊ डावांत मिळून साठ रन झाले. बॉल निघून जातो आणि मग यांची बॅट येते. मी सेठना सांगितलं, वय आहे, एखादं वर्ष असं जातं. पण सेठना लांब मारणारा पाहिजे. मे महिन्यात मोसम संपला तेव्हाच चांगले खेळाडू उचलले गेले. आता जे सुटे उरलेत ते बाजार उठल्यावरच्या भाजीसारखे. कोल्हापूरचा उपेंद्र आहे, त्याच्या कंपनीने टीमच बंद केली. खेळतो नेमका, पण बायको-मुलीचाही व्हिसा मागतो. एक श्रीलंकेचा डावखुरा आहे, सिक्स मारतो पण गुडघ्यामुळे दुसरा रन पळत नाही. एका पेशावरच्या पोराला दोन टीममध्ये खेळायचंय. मी प्रत्येकात खोट काढतो आहे. खोट काढत काढत महिना गेला की सेठ कंटाळून फैजभाईंनाच ठेवतील. अर्धे राजी झालेही आहेत.

म्हणून हात जोडतो, अफनानचा व्हिडिओ कुणालाही पाठवू नकोस. त्याच्यात खोट काढणं मला जमणार नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी फैजभाईंना दुसरी कंपनी दारात उभी करणार नाही. ते मला एकदा म्हणाले होते की इथे मी टीमचा आहे, गावात गेलो की मी कोण?

आमच्या कंपनीतला फहद उद्या गावी निघतोय, त्याच्याबरोबर हे पाठवतो. फोनवर हे कसं बोलू, फैजभाई शेजारच्या खाटेवर असतात.

माया राहू दे.
तुझा युसुफ

*

७८६
कर्ला
१३ सप्टेंबर २०२५

युसुफ यास सलाम व दुआ.

तुझं पत्र काल मिळालं. फहद मुंबईला उतरला आणि बायकोच्या बाळंतपणासाठी पनवेललाच थांबला. तेरा दिवस तुझं पत्र त्याच्या बॅगेत बाळाच्या दुपट्यांखाली पडून होतं. त्याला काय बोलू, मुलगी झाली आहे.

तुझं उत्तर येईना, तेव्हा मला वाटलं तू टाळतो आहेस. भाऊ मोठा माणूस झाला, असं साजिदाजवळ बोललेसुद्धा. मग अरफाकडून तुमच्या कॅप्टनचा, त्या तनिषचा, नंबर घेतला आणि अफनानला व्हिडिओ पाठवायला लावला. त्याचं इंग्रजीत उत्तर आलं. अफनानने वाचून दाखवलं की आणखी पाठव, सेठना दाखवतो. मी त्या दिवशी शेवया केल्या आणि गल्लीत वाटल्या.

माझ्या हाताने केलं, युसुफ. आता काहीही कर. पोराचा पाय मोडला म्हणून सांग. तो खोडकर आहे, उलट बोलतो, काय वाटेल ते सांग. मला पोराची नोकरी नको. यांना कळू देऊ नकोस की व्हिडिओ मी पाठवला.

घाबरलेली तुझी आपा

*

७८६
शारजा
२५ सप्टेंबर २०२५

हाफिजाआपास सलाम.

कसं लिहू कळत नाही, म्हणून घडलं तसं लिहितो.

परवा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या ऑफिसात सेठनी बैठक घेतली. तनिष, मी, आणि जुने खेळाडू म्हणून फैजभाई. उपेंद्रचं नाव आलं, मी नाही म्हटलं. श्रीलंकेवाल्याचं आलं, नाही म्हटलं. मग तनिषने मोबाइल पुढे केला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत पोरगा कोणाचा! अफनान फक्त पहिलं नाव लिहितो. मी म्हणालो, टेनिस बॉलवरचा आहे, लेदरवर टिकायचा नाही. तू लिहिलंस तसं, पाय अधू आहे असंही म्हणालो. सेठनी फैजभाईंना विचारलं.

आपा, त्यांनी मोबाइलकडे पाहिलंच नाही. मान खाली घालून ऐकत राहिले. बॉल बॅटवर बसल्याचा आवाज आला, मग व्हिडिओतल्या लाऊडस्पीकरवाल्याने कर्ल्याच्या अफनानचं नाव घेतलं. पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा ऐकलं. मग सेठना म्हणाले की बॅटच्या मधोमध लागतोय, पाय ठीक आहे, याला घ्या.

बाहेर येऊन मी त्यांना धरलं. एवढंच बोलले, "मी गेलो तर पोरगा येतो. मी राहिलो तर दोघंही जाऊ." मी अर्थ विचारला तर म्हणाले, चल, उन्हात उभा राहू नकोस. जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. गेलं वर्षभर ठेवतात. मी त्याला प्रेम समजत होतो.

त्यांचं चार ऑक्टोबरचं तिकीट आहे. अफनान अकरा तारखेला येईल. एकच हंगाम, सेठनी स्पष्ट सांगितलं. रन झाले तर पुढे, नाहीतर खलास. त्यांची खाट मी त्याला देईन.

माफी मागतो.
तुझा युसुफ

*

७८६
कर्ला
३ नोव्हेंबर २०२५

युसुफ यास आपाचा सलाम व दुआ.

अफनानला वेळेवर जेवू घाल.

हे आले त्या दिवशी मी दारात उभी होते. माझ्यासमोर येऊन थांबले आणि विचारलं, हाफिजा आत आहे का? मी बोलले तेव्हा हसले, म्हणाले, थट्टा केली. दुसऱ्या दिवशी साजिदालाही आवाजावरूनच ओळखलं. चहाचा कप हाताने चाचपून शोधतात. मग मी न विचारता डॉक्टरकडे नेलं. साखरेने डोळ्यांचे आतले पडदे गेलेत. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर काही वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. दोन वर्षांपूर्वी सुट्टी मागितली असती तर व्हिसा गेला असता, असं हे म्हणाले. तेव्हापासून त्यांना बॉल निम्माच दिसायचा. हात दुखतो म्हणायचे म्हणून मी त्यांना चिडवायचे, युसुफ. तू शेजारच्या खाटेवर होतास आणि मी त्यांची बायको. आपण दोघंही काय बघत होतो?

काल रविवारी तू तिथून मोबाइलवर मॅच लावून दिलीस. सकाळपासून आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मला शेजारी बसवलं. मला क्रिकेटमधलं काय कळतं? पण डोळे माझेच होते. आवाज तुटत होता, काही नीट ऐकू येत नव्हतं. अफनान आला हे मी सांगितलं. पहिला बॉल सोडला, सांगितलं. दुसऱ्यावर बॅट जोरात फिरली, आवाज झाला आणि लोक ओरडले. यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, बॉल कुठे गेला?

मी बघितलं. बॉल समोरच्या टीमच्या एका पोराच्या हातात होता आणि आपला अफनान बॅट काखेत घेऊन परत निघाला होता.

मी म्हटलं, दोरीच्या पार गेला.

त्यांनी मनगट सोडलं नाही. मोबाइल बंद कर म्हणाले, पोराला नजर लागेल. मग संध्याकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या सिक्सबद्दल सांगत होते. त्यांना कळलं होतं की नाही, मी विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस. पुढच्या रविवारी मॅच लाव, मी त्यांच्या शेजारी बसेन.

दुआत ठेव, बाकी काही उरलं नाही.
हाफिजाआपा