पाठीवरची उजळणी

ती. ताई,

धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

इटालियनच्या तोंडी परीक्षेत पुन्हा नापास झाले. वैताग आलाय गं. क्रियापदं पाठ आहेत. ती तोडायची कुठे, जोर कुठे द्यायचा, तिथेच घोडं अडतं. 'ते बोलतात' म्हणजे पार-ला-नो. जोर पहिल्यावर हवा, माझा मधल्यावरच पडतो.

इथल्या इस्पितळात माझ्या वॉर्डातल्या इटालियन आजोबांचा कफ सुटावा म्हणून पाठ थोपटते, त्याच ठेक्यावर उजळणी करते. काल ते म्हणाले, "पोरी, पहिली थाप जोरात मार. कफही सुटेल, तूही सुटशील."

पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही, आणि तोवर माझ्या चिमणीला तुझ्याकडून इकडे आणता येत नाही. मागच्या पत्रात मी तिला इकडे आणायचा महिना कळवला होता. ती तो विसरली, असं लिही. खोटं असलं तरी.

तुझीच,
धाकटी