मशीनच्या खणातला लिफाफा

मंगळवार, दि. ९ फेब्रुवारी
(मी नुसतं मंगळवार म्हटलं होतं. तारीख याने घातली. सचिव ना तो.)

चि. भिंगरीस पोटभर आशीर्वाद.

माझं बरं आहे. गुडघे आपल्या मर्जीने चालतात, मी त्यांच्या मागे मागे.

अक्षर ओळखलंस ना? लगेच फाडू नकोस. माझी पत्रं शेजारच्या नर्सबाई लिहितात, पण त्या गावाला गेल्यात, मग उरला तुझा धाकटा भाऊ. मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, असं कबूल करून बसवलाय. आत्ताच नाक मुरडलं. तेही लिही रे.

तुमचं भांडण मला अजून धड कळलेलं नाही. माणसं शिकली, पदवी घेतली, घरी गेली. त्यांना पुन्हा एकत्र बांधायला संघ कशाला, इथपासूनच माझा गोंधळ. हा म्हणतो, माजी विद्यार्थ्यांचा संघ एकच, शहराशहरातली मंडळं म्हणजे त्याच्या शाखा, नियम इथून जाणार. तू म्हणतेस, आमचं मंडळ संघाच्या आधीचं, आम्ही कुणाची शाखा नाही. हा बोलतो तेव्हा मला याचं पटतं, तुझा फोन आला की तुझं. दोघं एकदम बोललात तर मी शिवणयंत्रावर बसते, म्हणजे काहीच ऐकू येत नाही.

तीस वर्षं तुमच्या विद्यापीठाचे पदवीदानाचे झगे शिवले मी. गळ्याचा रंगीत पट्टा आम्ही कधी शिवून टाकला नाही, बटणांनी लावायचो. झगा धुवायचा तर पट्टा काढता आला पाहिजे, नाहीतर एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. हे याला सांगितलं तर म्हणाला, आजी, पट्ट्याला घटना नसते. नसेल बाबा.

डिसेंबरात संघाने सगळ्या मंडळांना विचारलं, आमच्यात येता की नाही, जानेवारीअखेर कळवा. उत्तर सहीशिक्क्यानिशी टपालानेच हवं, सचिवाच्या घरच्या पत्त्यावर. नियम याचाच. सगळ्यांची उत्तरं आली, तुझं नाही. हा रोज दारातल्या पेटीत हात घालून बघायचा आणि मला सांगायचा, पाय मोकळे करून आलो. मुदत संपल्यावर, गेल्या बुधवारी, तुझ्या मंडळाचं नाव यादीतून काढायचा ठराव यानेच समितीत मांडला. येत्या शनिवारच्या सभेत तो पक्का होणार. ठराव मांडला त्या दिवशी हा जेवला नाही. भाजी आवडीची होती.

बाकी काय? नळाचा वॉशर बदलला. आता ठिबकत नाही, तर मला झोप येत नाही. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी पुन्हा मिशी ठेवलीय, शोभत नाही.

संपलं का, विचारतोय. नाही संपलं.

रविवारी तू फोनवर म्हणालीस, "आजी, मी होकार कळवला होता. त्याने साधी पोचसुद्धा दिली नाही." त्यावर मी विचारलं, तिकडे हवा कशी आहे. तुला वाटलं, म्हातारीला ऐकू कमी यायला लागलं. मला छान ऐकू येतं.

भिंगरे, अक्षर येत नसलं तरी तुझ्या मंडळाचा शिक्का मी ओळखते. गोल, मध्ये झाड. वर्षभर ते झाड घरात आलं की हा वाचायचा, लाल व्हायचा, तुला फोन लावायचा, मग आठ दिवस घर मुकं. जानेवारीत एका दुपारी झाड आलं. मी एकटीच होते. म्हटलं, जरा निवू दे, मग देऊ. मशीनच्या खणात ठेवलं, बॉबिनच्या डब्याखाली. तुमच्यासाठी ठेवलं, की मला नुसती एक शांत दुपार हवी होती, ते आता माझं मलाही सांगता येत नाही.

लिही रे. पेन का थांबलं?

उठला. खण उघडला. पुन्हा येऊन बसलाय. लिफाफ्यावरचा टपालाचा शिक्का दोनदा वाचला. मुदतीच्या नऊ दिवस आधीचा आहे म्हणे. मी म्हटलं, फोड. तर म्हणाला, "समितीसमोरच फोडायचा. नियम आहे." नियम कुणाचा, ते मी विचारलं नाही. म्हणजे शनिवारी भरल्या सभेत याला सांगावं लागणार, उत्तर वेळेत आलं होतं आणि सचिवाच्याच घरात पडून होतं. सचिवपद राहील का, विचारलं. खांदे उडवले.

आणि नर्सबाई कुठे गेलेल्या नाहीत. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालतायत. दोघांना दोनदा सांगायची छाती नव्हती माझी, म्हणून एकदाच सांगितलं.

तू रागावशील, रागव. हा रागावलाय की नाही ते कळत नाही. याचा चेहरा मला तान्हेपणापासून वाचता येतो. आज येत नाहीये.

माझं इथे संपलं. पत्र आजच जलद टपालाने जाईल, याचा फोन तू उचलत नाहीस म्हणून. खाली अंगठा उठवते. अंगठ्याच्या खाली काही लिहिलेलं दिसलं तर ते माझं नाही. हा सांगणार नाही, आणि मला वाचता येत नाही.

तुझी, आणि याचीही,
आजी
(डाव्या हाताचा अंगठा)

ताई, लिफाफा बंदच ठेवलाय. सभा शनिवारी अकराला आहे. तूच येऊन फोड.